थिनरचं घर

कराडहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारची जागा कायम मोकळी राहायची. गाडी कितीही भरलेली असो, लोक दांडीला धरून उभे राहायचे, पण माझ्याजवळ कुणी टेकत नसे. चुकून एखादा नवखा बसलाच, तर पुढच्या थांब्याला उठून मागं जायचा. मला वाटायचं, हा माझ्या मिशांचा दरारा. मिशा मी फौजेतून रिटायर झालेल्या माणसासारख्या राखल्या होत्या, टोकं वर वळवून. फौजेत मी कधीच नव्हतो. एकदा भरतीला गेलो होतो, तिथं छाती कमी भरली आणि दुपारच्या आत घरी आलो. पण ते मिशांवर थोडंच लिहिलेलं असतं? मी खिडकीला खांदा लावून ऐसपैस बसायचो आणि मनात म्हणायचो, बघा, आपल्याला मान आहे.

खरं कारण कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मी रंगारी. भिंतींचा नव्हे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचा. कराडच्या बाहेर विटा रोडला पत्र्याचं एक मोठं शेड आहे. त्याच्या पुढच्या भागात वेल्डर पत्रा आणि अँगल जोडून ट्रॉल्या उभ्या करतो आणि मागच्या भागात मी त्या रंगवायचो. साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधीचे दोन महिने आमचा हंगाम. उसाची वाहतूक करणारे लोक पाटणपासून खानापूरपर्यंतचे, आणि प्रत्येकाला ट्रॉली दसऱ्याला पुजायची असते, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत रंग वाळलेला पाहिजे. वर पाऊस चालू. ओल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की फोड येतो आणि धूळ बसली की खरखर. म्हणून आम्ही शेडच्या तिन्ही बाजूंना ताडपत्र्या सोडायचो आणि आत मी कॉम्प्रेसर लावून रंग फवारायची गन चालवायचो. लाल, निळा, पिवळा. आत इतकं दाट धुकं व्हायचं की ट्रॉलीचं मागचं टोक दिसायचं नाही. अंदाजानं मारायचो. अंदाज चांगला होता माझा.

मालकानं मास्क दिला होता, उगाच त्याला दोष नको. दोन्ही गालांवर डबे असलेला, चांगला. पण तो घातला की घाम यायचा, चष्म्यावर वाफ धरायची आणि बोलता यायचं नाही. बोलल्याशिवाय मला काम सुचत नाही. मग एक दिवस मला शोध लागला. मास्कच्या डब्यातली कापसाची चकती बाहेर काढली, तर ती गनच्या भांड्याच्या तोंडावर बरोब्बर बसते. तिच्यातून रंग गाळला की एकही गाठ येत नाही. आरशासारखा पत्रा निघायचा. मालक अधूनमधून विचारायचा, "मास्क वापरतोयस ना रं?" मी छातीवर हात ठेवून म्हणायचो, "रोज." खोटं एका अक्षराचं नव्हतं.

छातीची काळजी मी दुसऱ्या मार्गानं घ्यायचो. मला ज्या म्हाताऱ्यानं रंगकाम शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की संध्याकाळी गुळाचा खडा खायचा, त्यानं छाती आतून धुऊन निघते. आमच्या धंद्यात सगळ्यांचीच ही श्रद्धा. त्यात मी हौशी. इतर लोक सुपारीएवढा खडा खायचे, मी लिंबाएवढा. छाती धुतली गेली की नाही ते पुढं कळेलच. दाढा मात्र चार गेल्या.

सुरुवातीच्या वर्षांत थिनरचा वास डोक्यात जायचा. दुपारपर्यंत पाय जमिनीपासून वीतभर वर चालायचे, आणि कशाचंही हसू यायचं. एकदा एका ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मी नांगराला जुंपलेली बैलजोडी काढली आणि नांगर बैलांच्या पुढं काढला. मालक म्हणाला, "बैल ढकलणार हायत का नांगर?" मला तेही फार मजेशीर वाटलं. रविवारी सुट्टीला घरी असलो की डोकं ठणकायचं, सोमवारी शेडात गेलो की थांबायचं. मला वाटायचं, काम हेच आपलं औषध. मग एका हंगामात वास यायचाच बंद झाला. डबा उघडला, नाक जवळ नेलं, काही नाही. मी खूश. वेल्डरला जाऊन सांगितलं.

"गड्या, आता आपल्याला थिनर चढत न्हाई."

"म्हंजे?"

"वासच येत न्हाई. मुरलो आता."

हा वेल्डर पूर्वेकडच्या माळरानातला. त्याचे वडील-चुलते अजून मेंढरं घेऊन हिंडतात. त्यानं डोळ्यांपुढची काच वर केली. "आमच्याकडं मेंढराला वास यायचा बंद झाला तर त्याला मुरलं म्हणत न्हाईत," तो म्हणाला. "त्याला बाजूला बांधत्यात."

मी हसलो. कारागिराच्या गोष्टी धनगराला काय कळणार, असं मनात म्हटलं. हा त्या काळातला माझा शहाणपणा.

थिनरचा गेला तसा हळूहळू बाकीचा वासही गेला. कोथिंबीर गेली, मटणाचा रस्सा गेला, पावसाआधीचा मातीचा गेला. हे मी कुणाला सांगितलं नाही. कारागीर माणूस, आपलं नाक बंद पडलं असं कसं सांगायचं? उलट मी जास्तच बोलायला लागलो. घरात पाऊल टाकलं की म्हणायचो, "वा! काय वास सुटलाय!" बायको बिचारी खूश व्हायची. एके दिवशी मी असंच दारातून ओरडलो, "आज काय तरी झणझणीत दिसतंय!" ती चुलीपाशी उभी होती, तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "आवं, तुमच्या आंघोळीचं पाणी हाय त्ये."

मी म्हटलं, गंमत केली. तीही हसली. पण त्यानंतर ती कधीकधी माझ्याकडं बघत राहायची.

आमचं घर कराडच्या कडेला. दोन खोल्या आणि मागं बंद पडवी. हंगाम संपला की शेडात काम कमी व्हायचं, मग मी लोकांची लोखंडी कपाटं, फाटकं, लग्नातले पलंग घरी आणून पडवीत रंगवायचो. बाहेर अंगणात रंगवलं तर धूळ बसते. पडवीचं दार घरात उघडायचं. उरलेले डबे कॉटखाली. संध्याकाळी हात थिनरच्या बोळ्यांनी पुसायचे, ते बोळे मोरीत. बायको खोकायची. मी म्हणायचो, "चुलीचा धूर असंल." ती म्हणायची, "चूल नुसती पाणी तापवायला हाय, सैपाक गॅसवर असतो. गॅसला कुठला धूर?" मग मी म्हणायचो, धूळ असेल. मग थंडी असेल. मी बरीच कारणं सांगितली. पुढं तिनं विचारायचं सोडलं.

मुलगी सांगलीला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण आलं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच करतात, त्यात दुसरा विचारच नसतो. मी बाळंतिणीची बाज आणली, ती चांगली आकाशी रंगानं रंगवलीसुद्धा. आणि एक दिवस बायको म्हणाली, "पोरीला हिकडं नगं आणायला. मीच जाते तिकडं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्यात."

मला त्याचा फार राग आला. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती दोन पिशव्या भरून गेली. सव्वा महिन्यानं येते म्हणाली. सव्वा महिना झाला, मग बाळाचे डोस सुरू झाले. मग बाळाला दात यायला लागले, मग बाळ रांगायला लागलं म्हणून माणूस लागतं. मग चालायला लागलं. मी फोन करायचो, ती म्हणायची, "येते की. एवढं पोरीचं होऊ द्या." अशी तीन वर्षं गेली.

मी एक रविवार आड सांगलीला जायचो. त्या मोकळ्या शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून, मिशा पिळून. मुलीच्या घरी गेलो की ती बाहेर ओसरीत खुर्ची टाकायची. "आप्पा, हितं बसा. आत उकडतंय." पौषात पण उकडायचं तिच्याकडं. मला वाटायचं, बापाला मोकळ्या हवेत बसवते, किती जपते पोरगी. नातीला मांडीवर घेतलं की बायको दोन मिनिटांत येऊन उचलायची. "भूक लागली असंल तिला." नात नुकतीच दूध पिऊन आलेली असायची, पण म्हटलं, असेल लागली. आणि बायको दिसायची कशी, तर टवटवीत. खोकला नाही, गाल भरलेले. मला जरा वाईटच वाटायचं. आपल्याला सोडून माणूस इतकं बरं दिसावं का? कृष्णेचंच पाणी इकडं आणि तिकडं, तरी तिला सांगलीचं मानवतं, असा मी हिशेब लावला.

परत आल्यावर ते घर. एकट्या माणसाच्या घरात काय असतं? दिवस कसाही जातो, शेडात गोंगाट असतो. संध्याकाळी कुलूप काढलं की मी सवयीनं "वा! काय वास सुटलाय!" असं म्हणायचो आणि आत कुणी नसायचं. आधी मी हे गमतीनं म्हणायचो. मग एक दिवस लक्षात आलं की मी ते रोज म्हणतो. स्वयंपाक करायचो, भात आणि आमटी. चव नाही, वास नाही, म्हणून चार चार दिवस तीच आमटी. एकदा खाल्ली आणि दोन दिवस उलट्या-जुलाब. शेजारची म्हातारी बघायला आली, तिनं पातेल्याचं झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला. "भावजी, ह्ये कवाचं हाय? अवो, आंबून फेस आलाय." फेस मी पाहिला होता. मला वाटलं उकळी फुटली आहे. आमटी आंबली एवढं सांगायला त्या घरात दुसरं नाक नव्हतं. बायको घरात असताना माझ्या वाटचं नाक तीच वापरत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "चार दिस येऊन जावं म्हणते."

मला काय करू आणि काय नको असं झालं. चार दिवसांसाठी येणारं माणूस पाचव्या दिवशी राहिलं पाहिजे, एवढंच डोक्यात. आणि मला तर एकच कला येते. पूर्वी एकदा सांगलीत रिक्षातून जाताना तिनं एक घर बघून म्हटलं होतं, "कसा फिकट पिस्ता रंग हाय. थंड वाटतं डोळ्याला." ते मला आठवलं. मी टेम्पोत घालून कॉम्प्रेसर घरी आणला. भिंतीचा साधा रंग आणणं मला कमीपणाचं वाटलं. मी ट्रॉलीचाच रंग पिस्ता करून घेतला, वर हार्डनर घातला, म्हणजे चकाकी येते आणि वर्षानुवर्षं जात नाही. शेजारचं काम चालू होतं, सिमेंटची धूळ उडत होती, म्हणून खिडक्या बंद केल्या, फटींना चिंध्या कोंबल्या. आणि गन हातात घेतली.

भिंती मारल्या, दारं मारली. कॉट मारली, कपाट मारलं, फळ्या मारल्या. हात चांगला लागला होता म्हणून पिठाचा डबाही मारला. देव्हारा तेवढा पितळी म्हणून वाचला. दोन दिवस तीच धुंदी. दुसऱ्या हाताला घर असं चमकायला लागलं की मला माझाच अभिमान वाटला. त्या दोन्ही रात्री तिथंच झोपलो. सकाळी छाती आवळल्यासारखी झाली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हटलं, आनंद झाला की होतं असं.

ती सकाळच्या गाडीनं आली. स्टँडवरून रिक्षा केली. दारात मी तिला म्हटलं, "डोळे झाक."

"काय ह्ये ह्या वयात?"

"झाक म्हंतो ना."

तिनं झाकले. मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि तिचा हात धरून आत घेतलं. "उघड आता."

तिनं डोळे उघडले. चारी बाजूला बघितलं. तिचा चेहरा खरोखर उजळला, हे मी शपथेवर सांगतो, ते मला दिसलं. ती काहीतरी बोलायला श्वास घ्यायला गेली आणि तो श्वास आत गेलाच नाही. मध्येच कुठंतरी अडकला. ती खोकली. मग खोकतच राहिली. भिंतीला हात लावला, तर भिंत अजून ओलसर, बोटं उमटली. मी पटकन म्हणालो, "आगं, हात नको लावू, डाग पडंल." हे माझे शब्द. माझ्या बायकोला श्वास मिळत नव्हता आणि मी तिला डागाचं सांगत होतो.

ती कशीबशी बाहेर आली आणि पायरीवर बसली. ओठ निळे पडलेले. शेजारची म्हातारी धावत आली, दारातच थांबली आणि पदर नाकाला लावला.

"भावजी, आत काय जाळलंय?"

"जाळलं न्हाई. रंग दिलाय."

"रंग न्हवं त्यो, इख हाय इख. रिक्षा बोलवा आधी!"

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली. मास्क असा नीट बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी बाकड्यावर बसलो. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती उठून समोरच्या बाकड्यावर गेली. मी मिशांना हात लावला आणि मग हात खाली घेतला. मला एकदम कळलं. एसटी, ओसरीतली खुर्ची, नातीची भूक, सगळं एकदम. वर्षानुवर्षं मी अंगावर थिनर घेऊन हिंडत होतो आणि त्याचा वास मला सोडून सगळ्या गावाला येत होता.

दुपारनंतर तिला बोलता आलं. पहिलं वाक्य ती बोलली ते असं, "रंग लय झ्याक झालाय."

मला मान वर करवेना.

"मी काय रुसून गेले नव्हते," ती म्हणाली. मध्येमध्ये थांबत बोलत होती. "मला घरात दम लागायचा. तिकडं गेले, महिन्यात थांबला. मंग पोरीला तरी त्या पडवीशेजारी कशी निजवणार हुते?"

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं की. रोज खोकून खोकून सांगत हुते."

"तोंडानं सांगायचं."

"तुमी ट्रॉलीवर एक मोर काढला तर मला हात धरून बघायला न्यायचात. त्ये सोडा म्हणून कसं म्हणायचं? आन् सोडलं असतं तर वरीसभर फुगून बसला असता." ती जरा हसली आणि त्यानं परत खोकला आला. मी म्हटलं, बोलू नको.

जावई गाडी घेऊन आला आणि दवाखान्यातूनच तिला सांगलीला घेऊन गेला. ती चार दिवसांसाठी आली होती, घरात चार मिनिटंही नव्हती. दिवाळी मी पायरीवर बसून केली. आत इतकं चकचकीत घर, आणि मी बाहेर. भिंतीवर तिची पाच बोटं उमटलेली होती, ती मी परत रंगवून बुजवली नाहीत. रंगवायची आता भीतीच वाटत होती.

दिवाळीनंतर मुलीनं मला सांगलीच्या एका डॉक्टरकडं नेलं. तरुण होता, चष्मेवाला. "काका, काम काय करता?" मी सांगितलं. "मास्क?" मी म्हटलं, "होता." मुलगी माझ्याकडं बघत होती, म्हणून कापसाची चकती कुठं वापरली तेही सांगून टाकलं. डॉक्टरनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग म्हणाला, डोळे मिटा, नाकासमोर काहीतरी धरतो, ओळखा.

मी डोळे मिटले. बायकोपुढं इतकी वर्षं केलेलीच गोष्ट. दवाखान्यात काय असणार, असा अंदाज केला आणि ठोकून दिलं, "स्पिरिट."

"आणि हे?"

"लवंग. लवंगेचं तेल."

"काका," तो म्हणाला, "दोन्ही वेळा मी समोर काहीच धरलं नव्हतं."

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग त्यानं नळीत फुंकायला लावलं. "जोरात, अजून जोरात, अजून, अजून." मला वाटलं मी यंत्र फोडणार. यंत्राला फारसं काही झालं नाही. त्यानं कागद बघितला आणि समजावून सांगितलं. थिनरच्या वाफेनं आधी डोकं हलकं होतं, मग दुखतं, मग माणूस विसरायला लागतो, चिडायला लागतो. नाकाच्या आतल्या नसा मरतात. वास येईनासा झाला म्हणजे वाफ निघून गेलेली नसते, ती तितकीच आत जाते, फक्त धोक्याची सूचना देणारं नाक जागं राहत नाही. आणि हार्डनर छातीला सगळ्यात वाईट, एकदा छाती त्याच्यावर बिघडली की थोड्याशा वाफेनंही आवळते. कपड्यांवरून, केसांवरून ते घरी येतं, घरातल्यांना होतं. गुळाचं विचारलं. तो म्हणाला, गूळ पोटात जातो काका, वाफ छातीत जाते, त्या दोघांची गाठ पडत नाही.

"नाक परत येईल का?"

"ते मी सांगू शकत नाही. छाती उरलीय तेवढी राखा. काम आजपासून बंद."

शेडात जाऊन सांगितलं तेव्हा वाटलं होतं, लोक म्हणतील, गेला कामातून. वेल्डर फक्त म्हणाला, "लवकर बांधलं बाजूला." आणि माझ्या हातातली गन काढून घेतली. मालकानं मला शेडाच्या पुढं, उघड्यावर, रेडियम कापायच्या कामाला बसवलं. ट्रॉल्यांच्या मागं रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागतात, त्या कात्रीनं कापायच्या. मोर आता मी रेडियमचे करतो. ते मोरासारखे कमी आणि कोंबड्यासारखे जास्त दिसतात, पण चमकतात. मागं आता पंखे बसवलेत, ताडपत्र्या दोनच बाजूंना सोडतात, आणि नवा रंगारी मास्क लावून काम करतो. त्याला मी चकतीचा शोध सांगितलेला नाही.

राहिलं घर. डबे काढले, गादी आणि जुने कपडे टाकून दिले. कॉट, कपाट भंगारात. खिडक्यांची तावदानं चौकटीसकट काढली. माणसं लावून पिस्ता रंग खरवडून घेतला, मी बाहेर रस्त्यावर उभा. सगळं झालं. आणि मग प्रश्न आला की वास गेला की नाही, हे मला कसं कळणार? मी नाक भिंतीला टेकवून श्वास घेतला. काही नाही. पण ते तर आधीही काहीच नव्हतं.

मग मी नाकं उसनी मागायला लागलो. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला म्हटलं, "दादा, जरा आत येऊन वास घेता का?" त्यानं घाबरून टाकीच तपासली. मीटरचा आकडा घ्यायला आलेल्याला पडवीपर्यंत नेलं, तो वाटेत दोनदा मागं वळून दार उघडं आहे ना ते बघत होता. पोस्टमनला विचारलं. सगळे म्हणायचे, "न्हाई न्हाई, काय येत न्हाई." इतक्या पटकन म्हणायचे की मला ते ओळखीचं वाटायला लागलं. मीही असाच दारातून ओरडायचो. एकट्या माणसाला बरं वाटावं म्हणून लोक काहीही म्हणतात. शेजारची म्हातारी तेवढी दर आठवड्याला येऊन, दारात उभी राहून, खरं सांगून जायची. "हाय अजून." पुढच्या आठवड्यात, "हाय." मग, "हाय, पर कमी."

थंडी गेली, होळी झाली. मी बायकोला फोन केला. म्हटलं, ये म्हणत नाही. फक्त येऊन बघून जा.

ती आली. स्टँडवरून आम्ही रिक्षानं आलो, रिक्षात मी पुढं बसलो. घरापाशी मी दार उघडलं आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, माझ्यामुळं चुकायला नको. ती आत गेली. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं, त्यांतून मला ती दिसत होती. पहिल्या खोलीतून दुसरीत गेली. थांबली. मी कान लावून उभा. माझ्या आयुष्यात मी कशाचीही इतकी वाट बघितली नसेल, जितकी त्या खोकल्याची, म्हणजे तो न येण्याची. मग ती पडवीत गेली, ती दिसेनाशी झाली. एक ट्रॅक्टर मध्येच गेला, त्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, मी त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात दोन शिव्या हाणल्या.

ती दारात आली. पदर तोंडाला होता, तो तिनं खाली घेतला.

"बाहेरच्या खोलीत न्हाई."

"आन् मधल्या?"

"हाय जरा. सोसवंल."

"पडवीत?"

तिनं मान हलवली. "पडवीत लय हाय. भिंतीत मुरलंय त्ये. तिकडून सगळ्या घरात येतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "खोटं बोलू का?"

"नको," मी म्हटलं.

"मंग पडवी पाडा."

मी शेजारून पहार आणली. ती रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसली आणि तिथून सांगायला लागली, आधी वरच्या विटा काढा, डोक्यावर घेऊ नका, कोपरा शेवटी ठेवा. मी दोन घाव घालायचो आणि दम घ्यायला थांबायचो. ती म्हणायची, "हळू. कुठं जायचंय तुमाला?" चारची गाडी तिनं सोडली. साडेपाचच्या गाडीला मात्र ती उठली, नात वाट बघत असते म्हणाली.

स्टँडवर ती खिडकीपाशी बसली, मी खाली उभा. कपड्यांवर विटांचा भुगा.

"पुढच्या रविवारी येशील?" मी विचारलं.

"धूळ खाली बसू द्या आधी," ती म्हणाली.

गाडी गेली. मी घरी आलो आणि उजेड होता तोवर राहिलेल्या भिंतीवर घाव घालत राहिलो.